सीमोल्लंघन: कोल्हापूरच्या दसऱ्याची वाटचाल

कोल्हापूरच्या दसऱ्याचा इतिहास जिथून नीट सांगता येतो, तो दिवसही विजयादशमीचाच आहे. २६ सप्टेंबर १७१५ रोजी, सोमवारी, करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, अंबाबाईची मूर्ती पुन्हा तिच्या मूळ देवळात बसवण्यात आली. परचक्राच्या भीतीने ती कपिलतीर्थाजवळ एका पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवलेली होती. छत्रपती संभाजी महाराजांच्या आज्ञेने सिदोजी हिंदुराव घोरपडे यांनी तिची पुनर्प्रतिष्ठापना केली. हे संभाजी म्हणजे शिवछत्रपतींचे नातू, राजाराम महाराज आणि राजसबाई यांचे पुत्र. आदल्याच वर्षी पन्हाळ्यावर सत्तांतर झाले होते, महाराणी ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले होते, आणि संभाजी गादीवर आले होते. गादी नवी, घरात फूट, साताऱ्याच्या शाहू महाराजांशी उघड भाऊबंदकी. अशा वेळी देवीला घरातून काढून देवळात आणण्यात भक्तीइतकेच राजकारणही होते. नव्या राजाला देवीचा कौल मिळाला आहे, हे रयतेला दिसावे लागते. त्यासाठी दसऱ्यापेक्षा चांगला मुहूर्त पंचांगात नव्हता.

मराठ्यांच्या राज्यात दसऱ्याचे महत्त्व पावसाने ठरवलेले होते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या मुलखात आषाढ-श्रावणात नद्या दुथडी भरून वाहतात, पंचगंगेला पूर येतो, वाटा बंद पडतात. या काळात फौजा छावणीला असत. आश्विनात पाणी उतरले, चिखल वाळला, घोड्यांना वैरण मिळू लागली की नवमीला शस्त्रे पुजायची, दशमीला गावाची वेस ओलांडायची आणि मोहिमेला निघायचे. अज्ञातवासात शमीच्या ढोलीत ठेवलेली शस्त्रे पांडवांनी याच दिवशी काढली, ही कथा शिपाईगड्यांना जवळची वाटली यात नवल नाही. आपट्याच्या पानांना सोने म्हणून लुटण्याची रीतही मोहिमेच्या अपेक्षेशी जुळणारीच होती, कारण स्वारीवरून परतणाऱ्याने खरेच सोने आणावे अशी घरच्यांची आस असे.

करवीर राज्याची सीमा १७३१ च्या वारणेच्या तहाने पक्की झाली. वारणेच्या उत्तरेचा मुलूख सातारकरांकडे गेला, दक्षिणेचा करवीरकरांकडे राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली आणि अंबाबाईच्या देवळाशेजारीच जुना राजवाडा उभा राहिला. वाड्याच्या भवानी मंडपात छत्रपतींची कुलस्वामिनी तुळजाभवानी विराजमान झाली. तेव्हापासून कोल्हापूरच्या नवरात्राला दोन देवी लाभल्या, एक गावाची आणि एक गादीची. दोघींची देवळे हाकेच्या अंतरावर आहेत आणि पुढचा सगळा उत्सव या दोन पालख्यांच्या येण्याजाण्याभोवती बांधला गेला. तिसरी पालखी गुरू महाराजांची. राजगुरूंच्या वाड्यातून ती निघते.

दसऱ्याच्या आधी पाच दिवस, ललिता पंचमीला, या तिन्ही पालख्या शहराच्या पूर्वेला टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोली देवीच्या, टेकडीवर जातात. सगळ्या नवरात्रात बघ्यांची उत्सुकता सर्वांत जास्त ताणली जाते ती इथे. करवीर माहात्म्यातली कथा अशी: महालक्ष्मीने, म्हणजेच अंबाबाईने, कोल्हासुराचा वध केला. मरताना त्याने मागणे मागितले, या नगरीला आपले नाव मिळावे आणि दरवर्षी आपल्या नावाने कोहळ्याचा बळी दिला जावा. पुढे त्याचा मुलगा कामाक्ष याने कपिल मुनींचा योगदंड मिळवून देवांची मेंढरे करून टाकली. महालक्ष्मीची मैत्रीण त्र्यंबोली हिने त्याला मारून देवांना सोडवले. विजयाचा सोहळा झाला, पण आनंदाच्या भरात महालक्ष्मी त्र्यंबोलीलाच बोलावणे विसरली. ती रुसली आणि नगराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. चूक ध्यानात आल्यावर महालक्ष्मी स्वतः तिची समजूत काढायला गेली. तेव्हा त्र्यंबोलीने हट्ट धरला, कोल्हासुराला कसे मारलेस ते मला करून दाखव.

टेकडीवर दरवर्षी होते ते हेच करून दाखवणे. अंबाबाईची त्या दिवशीची पूजा हत्तीवरच्या अंबारीत बसलेल्या रूपातली असते, कारण देवी प्रवासाला निघालेली असते. पालख्या टेकडीवर पोचल्या की त्र्यंबोलीची ओटी भरली जाते, छत्रपती घराण्यातील व्यक्ती हजर असतात, आणि गुरव घराण्यातील एक कुमारिका त्रिशूळ हाती घेते. पांढरट हिरव्या कोहळ्यावर कुंकू वाहिलेले असते. त्रिशुळाचा घाव बसला की क्षणात गलका होतो आणि कोहळ्याच्या तुकड्यांसाठी माणसे एकमेकांच्या अंगावर पडतात. तुकडा घरात किंवा शेतात ठेवला तर बरकत येते, हा समज जुना आहे. पोलीस बंदोबस्त दरवर्षी वाढतो आणि दरवर्षी अपुरा पडतो. या विधीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राजा हजर असतो, पण घाव घालण्याचा मान गुरवाच्या पोरीचा असतो. नगराची देवी, तीही रुसलेल्या मैत्रिणीची मनधरणी करायला चढण चढून जाते. मोठ्यांनी लहानांच्या दारी जाण्याचा हा नेम या उत्सवाच्या रचनेत आधीपासूनच मुरलेला आहे, आणि पुढे संस्थान गेल्यावर उत्सव टिकला त्याची मुळे इथे सापडतात.

अष्टमीच्या रात्री अंबाबाई वाहनात बसून नगरप्रदक्षिणेला निघते. महाद्वारातून बाहेर पडून ती गुजरीकडून भवानी मंडपात येते, तिथे तुळजाभवानीशी तिची भेट होते, आणि मग ती पुढची वाट धरते. रस्त्यावर रांगोळ्या, फुलांच्या पायघड्या आणि उशिरापर्यंत जागी असलेली दारे असतात. नवमीला खंडेपूजन, म्हणजे शस्त्रपूजा, होते. दशमीला संध्याकाळी सीमोल्लंघन.

हे सीमोल्लंघन मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच निव्वळ उपचाराचे झाले. १८१२ मध्ये कोल्हापूरने इंग्रजांशी तह केला आणि कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेवर चाल न करण्याचे मान्य केले. म्हणजे दसऱ्याला वेस ओलांडायची, पण सरहद्द ओलांडायची नाही. शहाजी उर्फ बावासाहेब महाराजांनी ही अट मनावर घेतली नाही. त्यांच्या स्वाऱ्यांमुळे इंग्रज फौजा पुन्हा पुन्हा कोल्हापुरात आल्या आणि नव्या तहांनी त्यांच्या फौजेवर मर्यादा घातली गेली. १८४४ मध्ये सामानगडापासून गडकऱ्यांचे बंड पेटले. ते मोडल्यावर गडांची ताकद संपली आणि राज्यकारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गेला. १८५७ मध्ये २७ व्या पलटणीचा उठाव झाला आणि पुढे राजघराण्यातील चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवण्यात आले.

लढाई गेली, पण लवाजमा वाढला. संस्थानी काळातल्या दसऱ्याचे सारे वैभव या एका वाक्यात सांगता येते. हत्ती, घोडे, उंट, भालदार, चोपदार, अब्दागिरी, मोर्चेल, जरीपटका, सनई-चौघडा यांची मिरवणूक जुन्या राजवाड्यातून निघे. जहागीरदार दरबाराला येत: विशाळगडचे प्रतिनिधी, बावड्याचे अमात्य, कापशीचे सेनापती, इचलकरंजीकर, कागलकर, तोरगलकर, हिम्मतबहादूर, सरलष्कर. कोण कुठे बसणार, कोणाचा मुजरा आधी, कोणाचा नजराणा नंतर, यावर मानापमान ठरत. रणांगणावर मोठेपणा सिद्ध करण्याची सोय उरली नव्हती, ती जागा दरबारातल्या बैठकीने घेतली. इंग्रजांनी कोल्हापूरला १९ तोफांची सलामी ठरवून दिली होती आणि या आकड्याचीही संस्थानाला ऊब होती.

१८७० च्या दसऱ्याला कोल्हापूरचा राजा मात्र युरोपात होता. दुसरे राजाराम महाराज त्या वर्षी इंग्लंडला गेले. वय विशीचे, वाचनाची आणि प्रवासाची हौस मोठी, रोजनिशी लिहिण्याची सवय. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स इथे ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, शहराबाहेरच्या कॅशिने उद्यानाच्या टोकाला, त्यांचे दहन झाले. कॅथॉलिक देशात हिंदू रीतीने चिता रचायची तर नगरपालिकेची खास परवानगी लागली. तिथे १८७४ मध्ये जी छत्री बांधली गेली तिचा आराखडा चार्ल्स मॅन्ट यांचा. कोल्हापुरातील नवा राजवाडाही याच मॅन्ट यांनी रेखला. आज दसऱ्याला छत्रपती याच नव्या राजवाड्यातून निघतात. फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या संगमाजवळच्या पुलाला ‘इंदियानो’, म्हणजे भारतीयाचा पूल, असे नाव दिले आहे. राजाराम महाराजांना मुलगा नव्हता. त्यानंतर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगर इथे नजरकैदेत वारले, आणि १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव दत्तक होऊन शाहू महाराज झाले.

शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती घेतला. त्यांच्या कारकिर्दीत या उत्सवाच्या मांडणीला सर्वांत मोठा धक्का बसला, आणि तो दसऱ्याला नव्हे, कार्तिकस्नानाला बसला. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नान करताना महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले. शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही, हे त्याचे समर्थन होते. शिवछत्रपतींच्या गादीवर बसलेल्या राजालाच हे ऐकावे लागले. प्रकरण पेटले, वृत्तपत्रांतून महाराष्ट्रभर गेले. वेदोक्त करण्यास नकार देणाऱ्या राजोपाध्यांचे वतन महाराजांनी जप्त केले. वरवर हा मंत्रांचा वाद होता. पण नवरात्र, दसरा, राजघराण्यातील सारे कुलाचार ज्या पुरोहितांच्या हातून होत, त्यांच्या अधिकाराचा प्रश्न त्यात गुंतला होता. १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूंच्या, म्हणजे स्वतंत्र धर्मगुरूंच्या, पीठाची स्थापना झाली, ती याच वाटेचे पुढचे टोक.

याच काळात सणांना लोकांच्या मैदानी खेळांची जोड मिळाली. १९०२ मध्ये सातव्या एडवर्ड यांच्या राज्याभिषेकासाठी महाराज युरोपात गेले होते. रोममधील कोलोसियम पाहून त्यांना खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना सुचली, असे कोल्हापुरात मानले जाते. हे मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. पेठापेठांतल्या तालमींना राजाश्रय मिळाला. लाठी, बोथाटी, दांडपट्टा, म्हणजेच मर्दानी खेळ, हे आज दसऱ्याच्या मिरवणुकीचे हक्काचे अंग आहेत. तालीम ही कोल्हापुरात कसरतीची जागा आहेच, पण पेठेची अस्मिताही तिच्याभोवती फिरते. तीच तालीम गणपती बसवते, तीच मोहरममध्ये पंजे बसवते. बाबूजमाल दर्ग्यातल्या नाल्या हैदर पंजाला हिंदू घरांतून मलिदा जातो. गणपती आणि मोहरम एकाच वेळी आले की काही तालमींत एकाच मांडवात गणपती आणि पंजा शेजारी बसतात, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

दसऱ्याच्या मैदानाच्या, म्हणजे दसरा चौकाच्या, भोवतीही शाहूकाळाने आपली खूण उमटवली. या जागेला पूर्वी चौफाळ्याचा माळ म्हणत. ती जुन्या तटबंदीच्या बाहेर पडते. तटाचे अवशेष आजही बिंदू चौकात, म्हणजे जुन्या रविवार वेशीपाशी, उभे आहेत. वेशीबाहेर जाऊन शमी पुजायची या हिशेबाने माळ सोयीचा होता. महाराजांनी जातीजातींची वसतिगृहे काढण्यास मदत केली, तेव्हा त्यांतील काही याच परिसरात आली. १९०६ मध्ये स्थापन झालेले मुस्लिम बोर्डिंग त्यांपैकी एक. मैदानाच्या मध्यभागी आता शाहू महाराजांचा पुतळा आहे. ज्या माळावर मोहिमेच्या नावाने राजे येत, त्याच्या कडेला गरीब मुले शिकायला राहू लागली. दसरा चौकाच्या इतिहासातला हा बदल कोणत्याही मिरवणुकीपेक्षा मोलाचा म्हटला पाहिजे.

शाहू महाराजांनंतर तिसरे राजाराम महाराज १९२२ ते १९४० या काळात गादीवर होते. जर्मन बनावटीची मेबॅक मोटार त्यांच्याच काळातली. हत्तीच्या अंबारीची जागा पुढे या मोटारीने घेतली. एरवी राजवाड्यात झाकून ठेवलेली ही लांबलचक केशरी गाडी दसऱ्याला बाहेर काढतात. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन पालखी दाखवायला आलेले असतात खरे, पण नातवाची नजर बहुधा गाडीवर खिळलेली असते.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. सरदार, जहागिरी, नजराणे सगळे कागदोपत्री संपले. देशातल्या अनेक संस्थानांचे दसरे यानंतर राजवाड्याच्या अंगणापुरते आकसले. कोल्हापूरचा आकसला नाही. कारण शोधायचे तर फार लांब जावे लागत नाही. उत्सवाचे मान एका हाती कधीच नव्हते. कोहळा गुरवांच्या घरात, पालखीचे खांदे, सनई, चौघडा, अब्दागिरी वेगवेगळ्या मानकऱ्यांकडे, मर्दानी खेळ तालमींकडे, वाटेवरच्या आरत्या पेठांकडे. राज्य गेले तरी प्रत्येकाचा मान ज्याच्या त्याच्या घरात शिल्लक राहिला, आणि तो बजावायला प्रत्येक जण दशमीला बाहेर पडला.

असा प्रकार इतरत्रही घडलेला आहे. राजाराम महाराज जिथे वारले त्या फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, त्याच तोस्काना प्रांतात, सिएना हे टेकड्यांवरचे शहर आहे. ते एके काळी स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १५५५ मध्ये वेढ्यानंतर ते पडले आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या अमलाखाली गेले. पण दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला भर चौकात होणारी ‘पालिओ’ ही घोड्यांची शर्यत तिथे आजही चालते. दोन्ही शर्यती मारियामातेच्या नावाने असतात. शहराच्या १७ पेठा आहेत, त्यांच्या हद्दी १७२९ मध्ये ठरवून दिल्या गेल्या. प्रत्येक पेठेचा झेंडा वेगळा, देऊळ वेगळे, आणि बहुतेकींचा वैरीही ठरलेला. जागेअभावी एका शर्यतीत दहाच घोडे धावतात. शर्यतीआधी घोड्याला पेठेच्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात. राज्य बुडून साडेचारशेहून अधिक वर्षे झाली, सण मात्र पेठांनी सांभाळला. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या माणसाला सिएनाच्या गल्लीत सोडले तर इटालियन न येताही त्याला तिथले बरेचसे कळेल.

आजचा सोहळा दुपारी उशिरा सुरू होतो. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरू महाराज यांच्या पालख्या लवाजम्यासह दसरा चौकाकडे निघतात. भाऊसिंगजी रस्ता दोन्ही बाजूंनी भरलेला असतो. हा रस्ता भावनगरच्या भावसिंहजी महाराजांच्या नावाचा, शाहू महाराजांच्या स्नेह्याच्या. चौकात शामियान्यात मानकऱ्यांसोबत आता जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आमदार, खासदार बसलेले दिसतात. मेबॅकमधून छत्रपती येतात, बँडवर करवीर संस्थानचे गीत वाजते. मैदानात लाकडी कठड्याने आखलेला एक चौक असतो, त्याला लकडकोट म्हणतात. त्यात शमीची आणि आपट्याची पाने रचलेली असतात. सूर्य मावळता मावळता छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होते, देवीची आरती होते, बंदुकीच्या फैरी झडतात. त्या आवाजासरशी लोक लकडकोटावर तुटून पडतात. कठडा, पोलीस, मानकरी यांपैकी कोणीच मग आडवे येऊ शकत नाही. हातात पान आले की ओळखीच्या पहिल्या माणसाला द्यायचे आणि मोठा असेल तर पाया पडायचे.

सोने लुटून झाल्यावर छत्रपती लोकांकडून सोने स्वीकारतात. अंबाबाईची पालखी परतताना सिद्धार्थनगर मार्गे पंचगंगेकडे वळते. सिद्धार्थनगर ही दलितांची वस्ती. तिथे पालखी थांबते, आरती होते. शाहू महाराजांच्या अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याशी आणि १९२० च्या माणगाव परिषदेशी, जिथे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले, या वस्तीचे लोक ही परंपरा मनोमन जोडतात. पालखीपुढे दिवे घेऊन उभ्या असलेल्या बायकांना त्यासाठी इतिहासाच्या पुस्तकाची गरज लागत नाही.

मंदिराचा कारभार आता पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहे. तिच्या देखरेखीखाली तीन हजारांहून अधिक देवस्थाने येतात. २०२० मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे पालखीला गर्दीतून नेता आले नाही. मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत शमीपूजन उरकावे लागले, पण खंड पडू दिला गेला नाही. अलीकडच्या वर्षांत राज्याच्या पर्यटन विभागाने दसऱ्याला शाही दसरा महोत्सव म्हणून पाठबळ द्यायला सुरुवात केली. त्याबरोबर सांस्कृतिक कार्यक्रम, रोषणाई, वाहनफेऱ्या असे बरेच काही जोडले गेले आहे. त्यातले काय टिकेल आणि काय एका वर्षाच्या अनुदानापुरते राहील, हे पुढच्या काही दसऱ्यांत दिसेलच. मुख्य विधीची वेळ मात्र कोणत्याही पाहुण्याच्या सोयीने हलत नाही. ती सूर्यास्ताने ठरते, आणि आमंत्रणपत्रिकेवरही तशीच छापली जाते.